वणव्याआधीची आवराआवर

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही मला आपापल्या बॅगा दाखवल्यात. तुमच्या कॅलिफोर्नियात आता वणव्याचे दिवस जोर धरणार, म्हणून शाळेने सांगितलंय की प्रत्येकाने एक बॅग भरून दाराशी ठेवायची. थोरलीने टॉर्च, पाण्याची बाटली, मोजे, सगळं घड्या घालून भरलं होतं. ते पाहून मला बरं वाटलं, कारण घड्या घालायची सवय तिने माझ्याकडून घेतली आहे. धाकट्याची बॅग मात्र रिकामी होती. काय ठेवावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. "आजी, एकच वस्तू घेता आली तर तू काय घेशील?" असं त्याने विचारलं, आणि मी उत्तर देणार तेवढ्यात आवाज तुटला. फोन पुन्हा लागला तेव्हा तुमची झोपायची वेळ झाली होती.

त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर घाईत देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. सध्या वेळही आहे. इंदुरात पावसाळा सरत आलाय आणि घरामागच्या टेकडीवर गवत कमरेएवढं वाढलंय. सकाळी खिडकी उघडली की सगळं हिरवंगार दिसतं. तुमचे आजोबा म्हणतात, "वा, क्या बात है." मी म्हणते, "हेच मार्चमध्ये वाळणार." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी एका खिडकीतून दोघांना दोन टेकड्या दिसतात.

आणि तुम्ही बाबांना विचारलं होतंत ना, की मार्चमध्ये इंदूरहून परतल्यावर त्यांच्या पांढऱ्या शर्टावर केशरी डाग कसले होते आणि ते जात का नाहीत. त्यांनी "रंगपंचमी" एवढंच सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच.

हे घर आपलं वडिलोपार्जित वगैरे नाही. आजोबांचं सगळं लहानपण राजवाड्यामागच्या गल्लीत गेलं. खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्यांच्या खिडकीतला चहाचा कप उचलता येईल, अशी ती गल्ली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती, झाडं लावता येतील अशी जागा. शहराबाहेर सिमरोलच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी हा प्लॉट मिळाला. पुढे फाटक आणि रस्ता, मागे आपली मोकळी जागा, त्यापलीकडे कुंपण आणि मग टेकडी. आजोबांनी मागच्या अंगणात पहिलं झाड लावलं ते चिकूचं. त्याच्याखाली खुर्ची टाकून ते बसतात आणि म्हणतात की संपूर्ण इंदुरात यापेक्षा चांगली जागा नाही. आजोबांची थोरली बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, आमच्याबरोबरच राहते. मी त्यांना वन्सं म्हणते.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात टेकडीला आग लागली होती. कुठेतरी गव्हाची कापणी झाल्यावर कुणी नरवाई पेटवली, म्हणजे शेतात उरलेले गव्हाचे खुंट. ती वाऱ्याने टेकडीवर चढली आणि आपल्या कुंपणाचे लाकडी खांब जाळून थांबली. घराला काही झालं नाही. पण आजोबांनी मोठ्या उत्साहाने त्या काळ्या खांबांचा फोटो तुमच्या बाबांना पाठवला, आणि तिथून सगळं सुरू झालं. तुम्हाला आठवत असेल, त्याच्या आदल्याच शरद ऋतूत तुम्ही सगळे घर सोडून शाळेच्या जिममध्ये झोपला होतात. वणवा म्हणजे काय हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "आई, घर विकून टाका. शहरात फ्लॅट घेऊ. लिफ्ट असेल, खाली औषधाचं दुकान असेल. तुम्ही तिघं त्या टेकडीखाली असताना मला इथे झोप लागत नाही."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून मला राग आला नाही. पण आजोबा दोन दिवस चिकूखाली बसून होते आणि त्यांनी पोह्यांवर सेवसुद्धा घालून घेतली नाही. आजोबा बिनसेवेचे पोहे खातात म्हणजे घरात दुःख आहे, एवढं समजायचं. शेवटी मीच तोडगा काढला. मी तुमच्या बाबांना सांगितलं, "मार्चमध्ये तू ये. तोपर्यंत मी घर वणव्यासाठी तयार करते. तू स्वतः बघ. तुझं समाधान झालं तर राहू, नाही तर मी स्वतः दलालाला फोन करेन." ते कबूल झाले. दलाल तर आधीच तयार होता. कुणाला तरी इथे लग्नासाठी मॅरेज गार्डन करायचं होतं, आणि त्यासाठी म्हणे अंगणातली झाडं काढून स्टेज बांधायचं होतं. हे कळल्यावर आजोबा मला म्हणाले, "प्रिन्सिपॉलबाई, आता तुमच्या हातात आहे."

मी कधीच प्रिन्सिपॉल नव्हते. इंग्रजी शाळेत भूगोल शिकवायचे. पण मी चादरीची टोकं जुळवायला लागले की ते मला असं म्हणतात.

संक्रांत झाली आणि मी कामाला लागले. माझे वडील जंगलखात्यात होते. माझं लहानपण त्यांच्या बदल्यांच्या गावी आणि पुढे हॉस्टेलमध्ये गेलं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फिरायचे, तेव्हा ते मला जंगलातले रिकामे पट्टे दाखवायचे. आग जवळ येते तेव्हा तिला खायला काही मिळू नये, म्हणून गवत काढून टाकलेली ती जमीन. ते म्हणायचे, आगीशी भांडण नको, तिचं ताट उचलून घे. तसाच पट्टा मला आपल्या मागच्या बाजूला हवा होता, कुंपणाला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शेजारी भाभीजींचं शेत आहे. त्यांच्या म्हशी आहेत, त्यामुळे वाळलेलं गवत त्या आनंदाने कापून घेऊन गेल्या. उरलेले खुंट आणि काटक्या जाळायच्या होत्या. त्यासाठी दव पडलेली, वारा नसलेली सकाळ हवी. मी जवळच्या वनचौकीत आधी कळवलं, पट्ट्याच्या दोन्ही कडा पाण्याने भिजवल्या, सगळ्यांच्या हातात ओली पोती दिली आणि गळ्यात शाळेतली माझी जुनी शिट्टी अडकवली. एकदा शिट्टी म्हणजे पेटवा, दोनदा म्हणजे थांबा, लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी फाटकाशी जमा.

भाभीजी म्हणाल्या, "मॅडमजी, आग से डर नहीं लगता. आपकी सीटी से लगता है."

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नव्हत्या, धूर सरळ वर चालला होता. तेवढ्यात मला वेगळाच वास आला. बघते तर आजोबा हातात हिरव्या हरभऱ्याची जुडी धरून माझ्या पट्ट्यावर भाजत उभे. भाभीजींच्या शेतातून त्यांनी ती उपटून आणली होती. मी दोनदा शिट्टी वाजवली.

"अहो, हे काय चाललंय?"

"होळा," ते म्हणाले. "आग लागलीच आहे, तर वाया कशाला घालवायची?"

मी काही बोलणार तर भाभीजींनीही आपली जुडी पुढे केली. मग पट्टा जाळून होईपर्यंत आम्ही सगळे काळ्या हातांनी हरभरे सोलून खात उभे होतो. मीही खाल्ले. ते इतके गोड होते की त्यासाठी दरवर्षी पट्टा जाळावा असं मला वाटलं, पण हे मी आजोबांना सांगितलं नाही.

मग बाकीची आवराआवर. छपरावरची आणि पन्हळातली वाळकी पानं काढली. न्हाणीघराच्या भिंतीला टेकून रचलेली लाकडं रस्त्याच्या बाजूला हलवली. मधुमालतीचा वेल खिडकीपासून दूर छाटला. मागच्या भिंतीशी पाण्याची मोठी पिंपं ठेवली, प्रत्येकाजवळ बादली आणि पोतं. वीज गेली तर मोटर चालणार नाही, म्हणून पिंपं. एकाच बाबतीत माझं चाललं नाही. चिकूखालचा पाचोळा मी रोज झाडायचे आणि आजोबा तो रोज परत नेऊन झाडाच्या बुंध्याशी पसरायचे. मुळांना गारवा मिळतो म्हणे. मी सकाळी झाडायचे, ते संध्याकाळी पसरायचे. असा तो पाचोळा सगळा फेब्रुवारी नुसता ये-जा करत होता.

प्रत्येकाला एक बॅग दिली. औषधं, चष्मा, कागदपत्रं, एक जोडी कपडे. वन्संची बॅग तपासली तर तिच्यात कपडे नव्हतेच. बाळकृष्ण, त्याचा जरीचा अंगरखा, कैरीच्या लोणच्याची बरणी आणि जिरावनाचा डबा.

"वन्सं, अहो कपडे?"

"कपडे कुणीही देईल गं," त्या म्हणाल्या. "जिरावन कोण देणार?"

पोह्यांवर भुरभुरायचा तो मसाला तुम्हाला तिखट लागतो. पण इंदूरच्या माणसाला तो नसला तर उपास घडल्यासारखं वाटतं. मी बरणी ठेवू दिली आणि वर एक लुगडं कोंबलं.

होळी झाल्यावर तुमचे बाबा आले. विमानातून उतरून घरी आले, हातपाय धुतले आणि थेट मागच्या अंगणात गेले. पट्ट्यावरून चालले, पिंपांत डोकावले, पन्हळात हात घालून पाहिला. "पट्टा चांगला आहे," ते म्हणाले. माझी छाती फुगली. मग म्हणाले, "पण खरी गोष्ट ही की तुम्ही तिघं किती लवकर बाहेर पडता. आमच्याकडे त्यावरच सगळं असतं. उद्या सकाळी करून दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लांब शिट्टी वाजवली.

आजोबा खात होते. "पोहे संपेपर्यंत आगीला थांबायला सांगा," असं म्हणत ते उठले, पण उठले. बॅग घेतली. मी गॅस बंद केला, बॅग घेतली. आतापर्यंत सगळं छान. पुढच्या दारात आलो तर उंबऱ्यावर वन्सं उभ्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत दही आणि साखर.

तुमचे बाबा बाहेर गाडीजवळ घड्याळ धरून उभे होते. ते ओरडले, "आत्या, बाजूला हो. घराला आग लागलीय."

"लागलीय ना? मग दही हवंच," वन्सं म्हणाल्या. "नुसतं लग्नाला निघाला असतात तर एक वेळ चाललं असतं. हात पुढे कर रे."

आजोबांनी हात पुढे केला. त्यांच्या मागे मी उभी होते. गळ्यात शिट्टी, खांद्यावर बॅग, आणि माझाही हात आपसूक पुढे झालेला. मी इतकी वर्षं मुलांना शिस्त शिकवली, शाळेत आगीच्या तालमी घेतल्या. पण घराबाहेर मोठ्या कामाला पडायचं आणि कुणी दही धरून उभं आहे, तर हात पुढे होतोच. मी दही चाटून घेतलं. मग मी म्हणाले, "चला, जाऊ या."

"जाऊ या म्हणू नये," वन्संनी थांबवलं. "येतो म्हणा."

"येतो," आम्ही दोघांनी म्हटलं. मग आजोबा कुलूप लावायला परत फिरले, कुलूप ओढून पाहिलं, दोन पावलं आले, आणि पुन्हा जाऊन ओढून पाहिलं.

मला हसू आवरत नव्हतं. तुमचे बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि हळूच म्हणाले, "आई, आमच्या गल्लीतले एक आजोबा कुलूप लावायलाच परत गेले होते. ते वाचले, पण कसेबसे. मी हे दृश्य तिकडे बसून रोज डोळ्यांसमोर आणू शकत नाही." रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दलालाला घर दाखवायला बोलवायचं, असं ठरलं. आजोबांनी मान हलवली आणि चिकूखाली जाऊन बसले.

त्या दुपारी मी वन्संजवळ जाऊन बसले. त्यांना दही देऊ नका असं सांगण्यात अर्थ नव्हता, आणि खरं म्हणजे मला तसं सांगायचंही नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, दही उंबऱ्यावर द्यायचं की वेशीवर?"

त्यांनी विचार केला. "माहेराहून निघताना आई टांग्यापर्यंत यायची वाटी घेऊन," त्या म्हणाल्या. "टांग्यात बसल्यावर द्यायची."

"मग आपली गाडी म्हणजे टांगाच."

"हो, चालेल की," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं नाहीस का?"

तेव्हापासून झाकणाच्या डब्यातलं दही सकाळी गाडीत जाऊ लागलं. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली फाटकाजवळच्या खिळ्याला. कुलपाचंही मी ठरवून टाकलं. शिट्टी झाली की कुलूप मी लावणार, आजोबा नाहीत. कारण मी एकदाच ओढून बघते.

रंगपंचमीच्या सकाळी मी नेहमीसारखी पिंपं बघायला गेले आणि जागीच उभी राहिले. पिंपांतलं पाणी केशरी झालं होतं. वर पळसाची फुलं तरंगत होती. रात्री आजोबा आणि तुमचे बाबा, दोघांनी मिळून टेकडीवरून आणलेली टोपलीभर फुलं माझ्या आगीच्या पाण्यात भिजत घातली होती. घरात एवढं मोठं दुसरं भांडं नव्हतं म्हणे.

"ही पिंपं आगीसाठी आहेत," मी म्हटलं.

"पाणी ते पाणीच," आजोबा म्हणाले. "आगीला रंग कळतो का?"

तुमचे बाबा त्यांच्यामागे लपून हसत होते, लहानपणी लपायचे तसेच. आल्यापासून ते पहिल्यांदाच असे हसत होते, म्हणून मी पिंपं ओतून टाकायला लावली नाहीत. शिवाय पाणी कमी झालेलं नव्हतं, ते मी पाहून घेतलं. "वापराल तेवढं परत भरायचं," एवढीच अट घातली.

राजवाड्यावर त्या दिवशी गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. सगळं शहर रस्त्यावर उतरतं आणि टँकरच्या तोफांतून रंग उडतो. आजोबांचं गुडघ्याचं दुखणं आणि ती गर्दी, त्यामुळे आम्ही घरीच खेळलो. भाभीजी म्हशीचं दूध काढून सरळ रंगातच आल्या. त्यांनी तुमच्या बाबांच्या डोक्यावर बादली ओतली आणि म्हणाल्या, "भिया, अमेरिका का मैल निकल जाएगा." भिया म्हणजे इंदुरात भैया. तो शर्ट पांढरा होता तो तोपर्यंतच.

दुपारी उन्हात कपडे अंगावरच वाळत होते आणि वन्सं भजी तळत होत्या. मला आधी वाटलं तळणाचाच धूर आहे. मग वर पाहिलं. टेकडीच्या पलीकडून करडा धूर उठत होता, आणि वारा आपल्याच बाजूला होता.

मी लांब शिट्टी वाजवली.

यावेळी काय झालं ते सांगते. वन्संनी गॅस बंद केला, बॅग उचलली आणि गाडीत जाऊन बसल्या. मी आत कुणी नाही हे बघून कुलूप लावलं, एकदाच ओढलं. आजोबा माझ्याही आधी फाटकाशी पोचले होते, हातात भजं होतं एवढंच. तुमच्या बाबांनी अग्निशमन दलाला फोन लावला. भाभीजी म्हशी सोडून रस्त्याकडे हाकलून आल्या. सगळे फाटकाशी. बाबांनी घड्याळ बघितलंच नाही. पण मला माहीत आहे की त्यांनी मोजलं.

आमचं ठरलेलं होतं. आगीने पट्टा ओलांडला तर गाडीत बसून निघायचं, वाद घालायचा नाही. पट्ट्यापलीकडे असेपर्यंत मागच्या बाजूला उभं राहून ठिणग्या मारायच्या. आम्ही पोती घेतली, पळसाच्या पाण्यात बुडवली आणि पट्ट्याच्या अलीकडे रांगेत उभे राहिलो. केशरी माणसं, केशरी पोती. टेकडीच्या माथ्यावरून आग खाली उतरताना दिसली. गवत जळतं तेव्हा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तो ऐकला.

ती उतरत आली, कुंपणाजवळ आली, पट्ट्यापाशी आली. खायला काही मिळालं नाही. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि बुटकी होत होत बसली. मला माझ्या वडिलांची आठवण झाली, पण नीट आठवण काढायला वेळ नव्हता. कारण वारा एक जळती काडी उडवून पट्ट्यावरून घेऊन आला, आणि ती बरोबर चिकूखाली पडली.

त्या पाचोळ्यात.

क्षणात ज्वाळा चिकूच्या खालच्या फांद्यांपर्यंत चढली. तिथून पुढे मागची भिंत आणि खिडकी. आजोबा लंगडत धावले. "अरे माझं झाड," एवढंच म्हणाले. तुमच्या बाबांनी त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं, आणि मग स्वतः पिंपातून बादली भरून झाडावर फेकली. दुसरी भाभीजींनी, तिसरी मी. केशरी पाणी ज्वाळेवर, पानांवर, भिंतीवर, आमच्या अंगावर. आजोबा मागे उभे राहून पोतं फिरवत ठिणग्या मारत होते आणि मला ओरडून सांगत होते, "प्रिन्सिपॉलबाई, डावीकडे, डावीकडे." पिंप तळाला गेलं तेव्हा पाचोळ्यातून नुसती वाफ येत होती. तळाशी राहिलेली पळसाची फुलं भिंतीला चिकटली होती.

अग्निशमनची गाडी रंगपंचमीच्या गर्दीतून वाट काढत आली. त्या माणसांचेही चेहरे हिरवे-गुलाबी होते. त्यांनी उरलेली टेकडी नीट भिजवली, पट्ट्यावरून एक चक्कर मारली आणि आमच्याकडे बघून त्यांच्यातला एक म्हणाला, "आंटीजी, ये आग बुझाई है या होली खेली है?"

"दोनों," आजोबा म्हणाले.

आम्ही फाटकाशी गेलो तेव्हा वन्सं गाडीत बसल्या होत्या. मांडीवर बाळकृष्ण, हातात दह्याचा डबा. "निघायचंय की नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, आत्या," तुमचे बाबा म्हणाले.

"मग हे दही आता गरम होतंय." आमचे हात काळे-केशरी झालेले पाहून त्यांनी चमच्याने एकेकाच्या तोंडात दही घातलं. भाभीजींच्यासुद्धा. न निघताच दही खाल्लं, असं आमच्या घरात पहिल्यांदा झालं.

संध्याकाळी दलालाचा फोन आला, उद्या कधी येऊ म्हणून. फोन आजोबांचा होता, पण ते तो हातात धरून बसले आणि तुमच्या बाबांकडे बघत राहिले. बाबा मागच्या पायरीवर बसून अर्ध्या जळलेल्या चिकूकडे बघत होते. त्यांनी फोन घेतला. "भिया, घर नहीं देना है," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नहीं नहीं, आग की वजह से नहीं. बस, नहीं देना." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "आई, दोन गोष्टी. पाण्याची एक मोठी टाकी हवी, उंचावर, मोटरशिवाय पाणी येईल अशी. आणि तो पाचोळा."

"पाचोळा माझ्याकडे लागला," आजोबा लगेच म्हणाले. "मी स्वतः झाडीन. ओला वेगळा, सुका वेगळा."

"बाबा, इंदूरची माणसं जळून गेली तरी राख वेगळ्या डब्यात टाकतील," तुमचे बाबा म्हणाले, आणि मग ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोडा धूरही असेल.

परत जाताना वन्संनी त्यांना दही टॅक्सीत बसल्यावर दिलं. ते "येतो" म्हणाले आणि गेले.

आता धाकट्याचा प्रश्न. मी एकच वस्तू घेतली तर शिट्टी घेईन. ती वाजवली की सगळे एका जागी येतात, आणि सगळे एका जागी आले की पुढचं बघता येतं. तुझ्याकडे शिट्टी नाही, म्हणून एक पाठवते आहे. ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेव. आत ते तुझं कापडी कासव ठेव. ते चालेल की नाही, असा विचार करू नकोस. आत्याआजीने जिरावन ठेवलं होतं. आणि थोरलीने बॅग भरली ती उत्तम भरली आहे, तिने त्यात फक्त काहीतरी खमंग खायला ठेवावं. ज्या दिवशी निघायला सांगतील त्या दिवशी कुणाशी वाद न घालता लगेच गाडीत बसा. कुलूप आईला लावू द्या. गाडीत बसल्यावर सगळ्यांनी "येतो" म्हणा. आत्याआजी म्हणते, दही नसेल तर योगर्ट चालेल, पण साखर विसरू नका.

इथे सगळं ठीक आहे. नवी टाकी बसली. पट्ट्यावर पुन्हा गवत उगवलं आहे, ते संक्रांतीनंतर काढू. चिकूच्या जळलेल्या बाजूला या पावसात पानं फुटली, फळं मात्र अजून दुसऱ्याच बाजूला धरतात. मागची भिंत आम्ही रंगवली नाही, तिच्यावरचा पळसाचा रंग फिका झाला आहे पण गेलेला नाही. घर आहे. आम्ही तिघंही आहोत.